मागाच्या कारखान्यातून निघालेली मोटार
टोयोटाच्या नावावर भरवसा किती ठेवावा?

आमच्या भद्रकालीतल्या पेढीवर कापडाच्या भावाखालोखाल जर कशाची चर्चा होत असेल तर ती गाडीची. कोणी मालेगावला जाऊन येतो, कोणी भिवंडीला, कोणी सुरतेला. व्यापाऱ्याचा अर्धा जन्म रस्त्यावर जातो. गेल्या महिन्यात आमचे एक मित्र सांगू लागले, "जुनी इनोव्हा मिळते आहे. दीड लाख किलोमीटर चाललेली. टोयोटा आहे म्हटल्यावर डोळे झाकून घ्यायला हरकत नाही ना?" आम्ही म्हटले, "भाई, तुम्ही कापडाचा एक ताका तरी कधी डोळे झाकून घेतला आहे का?" ते हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, कारण सौदा सात लाखांचा होता. म्हणून ह्या वेळी ह्या पानावर कापसाचे आणि सुताचे भाव बाजूला ठेवून टोयोटाविषयी लिहीत आहोत.

आपल्यातल्या बऱ्याच कापडवाल्यांना ठाऊक नसते की टोयोटाचे घराणे मूळचे आपल्याच धंद्यातले आहे. साकिची टोयोडा हा जपानी सुताराचा मुलगा, १८६७ चा जन्म. घरी आई हातमागावर बसे. त्या मागात सुधारणा करण्याच्या नादाला हा मुलगा लागला, आणि त्याने आधी लाकडी हातमाग, मग वाफेवरचा यंत्रमाग आणि १९२४ साली पूर्ण स्वयंचलित माग तयार केला. १९२६ साली ह्या मागांसाठी टोयोडा ऑटोमॅटिक लूम वर्क्स ही कंपनी उभी राहिली. मोटारीची टोयोटा कंपनी तिच्याच पोटातून जन्माला आली.

त्या मागात विशेष काय होते, हे मालेगावच्या माणसाला समजवायला फार शब्द लागत नाहीत. आपल्याकडच्या साध्या लूमवर ताण्याचा एक धागा तुटला तरी लूम खडखड चालूच राहतो. कारागिराची नजर गेली तर तो थांबवतो. नाही गेली तर हात-दोन हात, कधी वारभर कापड खराब निघते आणि घडी घालताना ते कळते. मग तो माल दागी म्हणून बाजूला पडतो आणि भाव पडतो. म्हणून एका कारागिराकडे चार-सहा लूमच्या वर देता येत नाहीत. साकिचीच्या मागात प्रत्येक धाग्यावर एक पातळ पत्ती टांगलेली असे. धागा तुटला की पत्ती खाली पडे आणि माग आपोआप थांबे. बाण्याचे सूत संपत आले की चालत्या मागातच धोटा बदलला जाई. एक कामगार तीस-तीस माग सांभाळू शके, कारण त्याला नजर लावून बसावे लागत नसे. जो माग उभा राहिला तिकडे जायचे, एवढेच काम.

इंग्लंडच्या ओल्डहॅम गावची प्लॅट ब्रदर्स ही त्या काळी कापडयंत्रांची जगातली बडी कंपनी. तिने १९२९ साली ह्या मागाचे हक्क घेण्यासाठी एक लाख पौंडांचा करार केला. ज्या मँचेस्टरच्या परिसराकडून सारे जग माग विकत घेत होते, त्याच परिसराने जपानी सुताराच्या पोराकडून युक्ती विकत घेतली. ह्या पैशाचा आधार घेऊन साकिचीचा मुलगा किइचिरो मोटारीच्या मागे लागला, असे सांगितले जाते. १९३३ साली माग कंपनीत मोटारीचे खाते निघाले आणि १९३७ साली टोयोटा मोटर ही वेगळी कंपनी झाली.

पुढे हीच कल्पना मोटारीच्या कारखान्यात आली. ताइइची ओहनो हा टोयोडाच्या सूत गिरणीतून मोटार कारखान्यात आलेला माणूस. त्याने असे बसवले की ओळीवरच्या कोणत्याही कामगाराला खराबी दिसली तर त्याने दोरी ओढावी, आणि दोष जागच्या जागी मिटला नाही तर सगळी ओळ थांबावी. बाकीच्या जगात ओळ थांबवणे म्हणजे नुकसान समजत. टोयोटात दोष पुढे जाऊ देणे हे नुकसान समजत. गाडी वर्षानुवर्षे चालते, हे जे टोयोटाचे नाव झाले, त्याचे मूळ आमच्या मते इथे आहे. जपानी लोखंडात काही करामत आहे म्हणून ते झालेले नाही.

पण हे नाव काही एका दिवसात झाले नाही. १९३५ सालचा टोयोटाचा पहिला ट्रक इतक्यांदा रस्त्यात बंद पडे की कंपनीची माणसे जागेवर जाऊन दुरुस्त करीत फिरत. १९५० साली कंपनी दिवाळखोरीच्या दारात होती. कामगारांचा संप झाला आणि खुद्द किइचिरोला राजीनामा द्यावा लागला. कोरियाच्या लढाईत अमेरिकी लष्कराच्या ट्रकांच्या ऑर्डरी आल्या म्हणून ती वाचली. १९५७ साली क्राउन नावाची मोटार मोठ्या डौलात अमेरिकेला पाठवली. ती जपानच्या अरुंद रस्त्यांना ठीक होती, पण अमेरिकेच्या लांबलचक महामार्गांवर भरधाव पळवताच इंजिन तापे आणि गाडी थरथरे. दोन-तीन वर्षांत तिथली विक्री बंद करावी लागली. नंतर १९६६ साली कोरोला आली आणि तिथून दिवस पालटले.

हिंदुस्थानातही टोयोटाचा पहिला डाव फसलाच. आमच्या वयाच्या वाचकांना १९८० नंतरच्या दशकातले ते जपानी टेम्पो आठवत असतील. सरकारने परवाने दिले आणि एकदम चार जोड्या उतरल्या : डीसीएम टोयोटा, आयशर मित्सुबिशी, स्वराज माझदा आणि ऑल्विन निसान. आम्ही तेव्हा शाळेत होतो. मालेगावहून ग्रे कापडाचे गठ्ठे घेऊन येणाऱ्या गाड्यांत एखादी डीसीएम टोयोटा दिसली की तिचे गुळगुळीत तोंड बघत उभे राहायचो. इंजिनाचा आवाज गोड होता. पण १९८५ नंतर येन महाग होत गेला. डॉलरला साधारण २४० येन पडत, ते दोन वर्षांत दीडशेच्या खाली आले. जपानहून येणारे सुटे भाग त्याच हिशेबाने महागले. १९८६ साली पुण्याहून टाटांची ४०७ आली. तिचे भाग गावोगावी मिळत आणि मिस्त्री कुठल्याही झाडाखाली ती उघडून बसे. आमचे वालिदसाहेब म्हणत, गाडी चांगली की वाईट हे ती बंद पडल्यावर कळते. टेम्पोवाल्यांनी ४०७ घेतली. डीसीएम टोयोटा पुढे कोरियाच्या देवू कंपनीकडे गेली आणि सूरजपूरच्या त्याच कारखान्यातून सिएलो मोटार निघाली. सिएलोचे आणि देवूचे पुढे काय झाले तो वेगळा किस्सा आहे.

टोयोटा दुसऱ्यांदा आली ती मराठी घराण्याचा हात धरून, आणि तीही आधी कापडयंत्राच्या वाटेने. किर्लोस्करवाडीचे किर्लोस्कर सर्वांना माहीत आहेत. लोखंडी नांगर करून विकायला निघाले तेव्हा शेतकरी त्याला हात लावायला तयार नव्हते, ही त्यांची गोष्ट जुनी आहे. त्यांच्या चौथ्या पिढीतले विक्रम किर्लोस्कर यांनी १९९५ साली टोयोडाबरोबर बंगळूरजवळ कापडयंत्रांची कंपनी काढली. ती सूतकताईच्या रिंग फ्रेम बनवू लागली. त्या ओळखीवर १९९७ साली टोयोटा किर्लोस्कर मोटर झाली आणि बिडदीला कारखाना बांधला. विक्रम किर्लोस्कर २०२२ च्या नोव्हेंबरात वारले.

जानेवारी २००० मध्ये क्वालिस आली तेव्हा इंग्रजी मासिकांनी नाक मुरडले. इंडोनेशियात चालून जुनी झालेली गाडी, डब्यासारखी दिसते, वगैरे. बोलणे खोटे नव्हते. पण टॅक्सीवाल्यांनी तिला डोक्यावर घेतले. नाशिक-मुंबई, नाशिक-शिर्डी, त्र्यंबक, वणी, सगळीकडे क्वालिस. कसाऱ्याचा घाट दहा माणसे भरून चढायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तयार. २००५ च्या सुरुवातीला मागणी जोरात असतानाच कंपनीने ती बंद केली आणि इनोव्हा आणली. लोक म्हणाले, वेडे झाले का हे? पण इनोव्हानेही बाजार पकडला तो आजवर सोडलेला नाही. आमच्याच नाशिकच्या महिंद्र कारखान्यातून २०१८ साली मराझो निघाली ती थेट ह्याच गिऱ्हाइकाकडे बघून. बसायला ती ऐसपैस होती, तरी टॅक्सीवाला इनोव्हावरून हलला नाही.

आता तक्रारींकडे येऊ. त्या आहेत, आणि खऱ्या आहेत. सुटे भाग महाग. ब्रेकचे पॅड लवकर झिजतात असे बरेच मालक सांगतात. डिझेल जास्त पिते, शहरात दहा-अकराच्या वर जात नाही. इटिऑस २०१० च्या डिसेंबरात आली. इंजिनाला कोणी नावे ठेवली नाहीत, पण आतले प्लास्टिक आणि मधोमध बसवलेला मीटर बघून घरगुती गिऱ्हाईक परत फिरले, आणि ती बहुतेक टॅक्सीतच खपली. अलीकडे ग्लान्झासारख्या काही गाड्यांवर टोयोटाचा बिल्ला असतो आणि खाली सुझुकीची बलेनो असते. दोन कंपन्यांचा तसा करारच आहे. गाडी वाईट नाही, पण जुन्या क्वालिसच्या आठवणीवर ती घेऊ नये.

सर्वांत मोठी तक्रार इंजेक्टरची. इथे आमचा स्वतःचा तजुर्बा सांगतो. आमची इनोव्हा आम्ही जुनीच घेतली होती. एका रमजानात, ईदेच्या मालाची घाई चालू असताना, महामार्गावरच्या एका पंपावर डिझेल भरले. पंपाचे नाव लिहिण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी डिझेल फिल्टरचा दिवा लागला. ड्रायव्हर म्हणाला, "सेठ, गाडी दाखवून घेऊ." आम्ही म्हटले, चार दिवस जाऊ दे, माल पोहोचू दे. चौथ्या दिवशी चांदवडच्या अलीकडे गाडीने धूर सोडला आणि उभी राहिली. चारही इंजेक्टर गेले. बिल लाखाच्या आसपास झाले. मिस्त्रीने फिल्टरमधले डिझेल बाटलीत ओतून दाखवले. खाली पाणी, वर डिझेल, आणि रॉकेलचा वास. डिझेल वाईट मिळाले ही पंपवाल्याची लबाडी. दिवा लागल्यावर चार दिवस गाडी पळवली ही आमची.

वाचकांनी हे नीट समजून घ्यावे. क्वालिसच्या जुन्या पद्धतीच्या इंजिनाला थोडी भेसळ पचत असे. इनोव्हापासून जे कॉमन रेल इंजिन आले, त्यात डिझेल हजार-दीड हजार पट हवेच्या दाबाने केसाहून बारीक छिद्रांतून उडते. डिझेलच तिथे वंगणाचेही काम करते. रॉकेल मिसळले की वंगण गेले, पाणी आले की गंज आला. सातपूरच्या बॉश कारखान्यात, ज्याला आपण अजून मायकोच म्हणतो, इंजेक्टर आणि नोझलच बनतात. तिथे नोकरी केलेला कोणीही सांगेल की हे काम मायक्रॉनच्या हिशेबात चालते. आणि भेसळीचे म्हणाल तर आपल्या जिल्ह्याला ती काय किंमत मागते हे आपण पाहिले आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ पानेवाडीला तेलाच्या भेसळखोरांनी जिवंत जाळले. एका इंजेक्टरच्या बिलावर रडताना आम्हाला त्यांची आठवण होते आणि आम्ही गप्प बसतो.

दुसरी तक्रार नव्या डिझेल गाड्यांची आहे. २०२० पासून आपल्याकडे भारत स्टेज ६ चे नियम आले आणि धुराची काजळी अडवणारा फिल्टर बसला. तो स्वतःला साफ करण्यासाठी गाडी काही वेळ एकसारखी, बऱ्यापैकी वेगाने चालावी लागते. घर ते दुकान, दुकान ते मशीद, एवढीच फिरणारी गाडी असेल तर काजळी साचते आणि दिवा लागतो. ऑस्ट्रेलियात ह्याच फिल्टरवरून टोयोटा कोर्टात हरली. २०१५ ते २०२० दरम्यान तिथे विकलेल्या हायलक्स, फॉर्च्युनर आणि प्राडो मिळून सुमारे २ लाख ६४ हजार गाड्यांचा तो दावा होता, आणि २०२२ साली फेडरल कोर्टाने त्या गाड्यांत दोष होता असा निकाल दिला. भरपाईच्या रकमेवर पुढे अपिले चालली. म्हणून ज्यांचे फिरणे फक्त गावात आहे त्यांनी डिझेलचा हट्ट धरू नये. २०२२ च्या नोव्हेंबरात आलेली इनोव्हा हायक्रॉस पेट्रोल आणि हायब्रिड आहे. जुनी क्रिस्टा २०२३ पासून डिझेलमध्येच मिळू लागली. दोन्ही इनोव्हाच म्हणवतात, पण काम वेगळे.

आता ज्या गोष्टीने आम्हाला खरोखर विचारात टाकले ती सांगतो. २००९ साली अमेरिकेत टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशी ओरड झाली. कॅलिफोर्नियात एका लेक्सस गाडीत चार माणसे मेली. पायाखालची चटई पॅडलमध्ये अडकणे आणि पॅडल स्वतःच चिकटून बसणे अशी दोन कारणे निघाली आणि लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. साकिचीचा पणतू अकिओ टोयोडा तेव्हा कंपनीचा अध्यक्ष होता. २४ फेब्रुवारी २०१० रोजी तो अमेरिकी संसदेच्या समितीपुढे उभा राहिला आणि कंपनी फार वेगाने वाढली, त्यात आमचे काय आधी काय नंतर ते बिघडले, अशी कबुली दिली. इलेक्ट्रॉनिक दोष नव्हता असे नासाच्या तज्ज्ञांनी २०११ साली सांगितले. पण ग्राहकांपासून माहिती दडवल्याबद्दल २०१४ साली कंपनीला १२० कोटी डॉलर भरावे लागले. खराबी झाली ह्याचा दंड नव्हता तो. कळल्यावर बोलले नाहीत ह्याचा होता.

आणि २०२४ च्या जानेवारीत त्याहून विचित्र घडले. डिझेल इंजिनांची ताकद मोजून सरकारी मंजुरी घेताना चाचणीत वेगळे सॉफ्टवेअर वापरले जात होते, जेणेकरून आकडे एकसारखे आणि गुळगुळीत दिसावेत, असे चौकशीत निघाले. आपल्याकडच्या क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्सची इंजिने त्यात होती. गाड्या पाठवणे काही दिवस थांबले, मग पुन्हा सुरू झाले. गाड्यांची ताकद आणि धूर ठरल्या मर्यादेत आहे, मालकांनी गाडी वापरणे थांबवण्याची गरज नाही, असे कंपनीने कळवले. मालकांचे नुकसान झाले नाही हे खरे मानू. पण ही इंजिने बनवणारी कंपनी कोणती? टोयोटा इंडस्ट्रीज. म्हणजे १९२६ सालची तीच टोयोडा ऑटोमॅटिक लूम वर्क्स, नाव बदललेली. धागा तुटला की माग थांबला पाहिजे हे ज्या घराने जगाला शिकवले, त्याच घरात धागा तुटलेला दिसत असताना माग चालू ठेवला गेला. आमच्या पेढीवर ही बातमी वाचली तेव्हा मालेगावचे एक लूममालक बसले होते. ते म्हणाले, "पत्ती पडते हो, पण पत्तीला कोणी चिमटा लावून ठेवला तर?" लूम सारखे थांबू नयेत म्हणून रात्रपाळीचे कारागीर असे करतात, हे त्यांना घरचे ठाऊक होते.

एवढे असूनही आम्ही टोयोटाला वाईट म्हणणार नाही. जिथे दोष निघाला तिथे शेवटी गाड्या परत बोलावल्या, अध्यक्षाने मान खाली घातली. आणि आता तर ही कंपनी आपल्या दारात येऊ घातली आहे. ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्करने महाराष्ट्र सरकारशी करार केला. औरंगाबादजवळ, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, सुमारे २० हजार कोटींच्या कारखान्याची ही योजना आहे. अंबड आणि सातपूरच्या छोट्या कारखानदारांसाठी ही संधी मोठी आहे. त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की इथे माल वेळेवर देण्याबरोबर खराब नग स्वतःहून बाजूला काढून दाखवावा लागेल. आपल्याकडे खराब नग गठ्ठ्याच्या मधे सरकवण्याची जी सवय आहे, ती कापडात चालते असे आम्हीही बरीच वर्षे समजत होतो.

आमच्या मित्राच्या सौद्याचे सांगायचे राहिले. आम्ही त्यांना म्हटले, गाडीचा नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा आणि जुना रेकॉर्ड काढा. जुन्या इनोव्हाचा टायमिंग बेल्ट साधारण दीड लाखाला बदलावा लागतो, तो बदलल्याची पावती मागा. बेल्ट तुटला तर इंजिनच जाते. सकाळी थंड गाडी चालू करून धूर बघा. पिवळी पाटी काढून पांढरी केलेली आहे का ते कागदांवरून तपासा, आणि पॅडलचे रबर किती झिजले आहे ते बघा. मीटर खोटे बोलते, रबर बोलत नाही.

ते गेले. रेकॉर्डमध्ये शेवटची सर्व्हिस २ लाख ८६ हजारांवर झालेली निघाली, आणि मीटर दाखवत होते दीड लाख. बेल्टची पावती नव्हतीच. विकणारा म्हणाला, "अहो, टोयोटा आहे, तीन लाख काहीच नाही हिला." ते बोलणे बहुधा खरेही असेल. पण मित्राने बयाणा परत मागून घेतला आणि दुसरी गाडी बघणे सुरू केले आहे.